इंजिनाच्या दोन चौकटी

तोंडावर शिवी देणाऱ्याचा मला राग येत नाही. माझंही तोंड काही कमी नाही, भांडण तिथल्या तिथं मिटून जातं. पण गोड बोलून गळा कापणारा माणूस मला चालत नाही, आणि तो नेमका माझा आयटीआयपासूनचा दोस्तच निघाला.

घरचा जमीनदार गडी, शौक विमानाचा. त्यानं एक जुनं विमान आणलं होतं. धावपट्टीवर उतरायचं तसंच नाथसागराच्या पाण्यावरही उतरायचं. इंजिन एकच, टपावर. एकदा ते धरणाच्या मधोमध बंद पडलं. खाली पाणी होतं म्हणून वाचला. मासे धरणाऱ्यांनी दोर लावून विमान काठाला ओढत आणलं. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, "दोन इंजिनं बसवायची. एक रुसलं तर दुसरं घरी आणील."

माझं वेल्डिंगचं शेड चितेगावात. टपावरचं इंजिन काढून दोन्ही पंखांवर एकेक लहान इंजिन बसवायचं ठरलं, आणि इंजिन ज्यात बसतं त्या पाइपांच्या दोन चौकटी मी करायच्या. काम लई नाजूक. पाइप पातळ, आच जरा वाढली की भोक. दोन्हींत सूतभर फरक पडला तर विमान एका अंगाला ओढणार. ट्रॉल्यांची, गेटांची कामं परत पाठवून मी दोन उन्हाळे त्यात घातले. बायको म्हणायची, "त्या विमानाशीच लगीन लावा आता." आबा मात्र खूश. जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील गावात ज्याला त्याला सांगायचे, "पोराच्या चौकटीवर इमान उडणार हाय."

उडवून बघायच्या आदल्या दिवशी दोस्तानं औरंगपुऱ्यातल्या घरी जेवायला बोलावलं. हात धुवायला मागं गेलो, तर खिडकीशी कुलर, आणि कुलरखाली माझी चौकट! आपल्या हातचं वेल्डिंग आपल्या अक्षरासारखं ओळखू येतं. तरी खाली बसून सांध्यांवरून बोट फिरवलं. माझीच होती. गंज धरायला लागला होता.

"हे काय रं?"

तो आधी हसला, मग नजर चुकवली. "नाराज नको होऊ यार. परवानगीला लायसनवाल्या वेल्डरची सही लागते. दोन्ही चौकटी पुण्याहून करून घेतल्या."

"कधी?"

"तू दुसरी करत होतास तेव्हा."

"आन मला सांगायला काय झालं होतं?"

"तुझं मन मोडवेना."

मन मोडवेना म्हणे! सांगितलं असतं तर मीच त्याच्याबरोबर पुण्याला गेलो असतो. कायदा मला कळत नाही का? पण हा बाबा माझ्या शेडात बसून चहा पीत राहिला, "वा उस्ताद" म्हणत राहिला, आणि मी येडा फुगत राहिलो. न जेवताच उठलो.

दुसऱ्या दिवशी धरणावर जायचंच नव्हतं. पण आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, गावातली चार माणसं घेऊन सकाळीच दारात हजर. काय करणार? गेलो. विमान पाण्यावर पळालं, दोन्ही इंजिनं एका सुरात लागली, आणि पहिल्याच झटक्याला वर उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांना शंका नव्हतीच, नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुझ्याच ना रं त्या चौकटी?"

"व्हय आबा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. तो मी खाल्ला. पुढं आबा वारले तेही हेच खरं मानून. दोस्तानं मला फसवलं, त्याचं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही. पण आबांना फसवलं ते मी, माझ्या तोंडानं, आणि ते काही त्याच्यावर ढकलता येत नाही.