कानपूर की नागपूर

हे मी आमच्या यांनाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, भांडणंसुद्धा आता पाठ झाली आहेत, आणि तरी ही एक गोष्ट तोंडातून बाहेर पडली नाही. ते हसतील म्हणून? छे. हसणार नाहीत, हीच भीती. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या शेतावर भरीत खायला येणार नाही. आलात तरी नानांच्या पंगतीला बसून माझ्याकडे रोखून बघणार नाही, असा आपला माझा समज.

गोष्ट एवढीशी. दोन शहरांतलं कोणतं मोठं, एवढाच प्रश्न होता. कुणाचं घर बुडालं नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तुम्ही म्हणाल, मग एवढं काय घेऊन बसलात? बसले आहे खरी. वीसेक वर्षं घेऊन बसले आहे.

आधी खेळ सांगते. थंडी पडली की जळगावात ज्याच्या त्याच्या शेतात भरिताची पार्टी होते, तशी आमच्याही होते. गिरणेकाठच्या शेतात दुपारी सगळं घर जमतं. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, त्यात हिरवी लांबट वांगी भाजायची, सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. खाणारे वीस-पंचवीस. धुरानं डोळे चुरचुरतात, मिरचीनं हात, आणि शेवटच्या वांग्यापर्यंत खांदा कुरकुरायला लागतो. मग ठेचायचं कुणी? जो खेळात हरेल त्यानं. खेळ असा, की दोन शहरांची किंवा दोन राज्यांची नावं घ्यायची आणि जास्त लोकसंख्या कुणाची ते न बघता सांगायचं.

ही प्रथा माझ्यामुळंच पडली. माझं माहेर धुळ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासरच्यांनी मला धुळ्यावरून चिडवायला घेतलं — धुळं काय गाव आहे, धुळं म्हणजे नुसती धूळ, वगैरे. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, मान खाली. पण भूगोल घेऊन बी. ए. झालेली होते हो. मान खालीच ठेवून म्हणाले, लोकसंख्या धुळ्याची जास्त आहे. सगळे हसले. घरी आल्यावर मी ट्रंकेतून सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक काढलं आणि सासूबाईंच्या पुढ्यात उघडून ठेवलं. तेव्हा खरंच धुळं मोठं होतं. पुढच्या पार्टीला, सर्वांत जास्त हसलेल्या आमच्या नंदावयांना, म्हणजे नणंदेच्या यजमानांना, सासूबाईंनी बडगीपुढे बसवलं. तेव्हापासून पुस्तक माझ्या पिशवीत आणि निकाल माझ्या तोंडी. बाई चुकत नाहीत, ही आमच्या घरात म्हणच पडून गेली.

मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली ती नानांनी. नाना म्हणजे माझे थोरले दीर. शिक्षण सातवी. आयुष्यभर केळीच्या व्यापाऱ्याकडे मुकादम. कोणती गाडी कोणत्या गावाला लावायची, हे त्यांचं काम. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर आठ्या होत्या, आमचे हे नेहमीप्रमाणे चहाच्या कपात बघत होते. नाना उठता उठता एवढंच म्हणाले, “शिकेल शे, मंग जाऊ द्या शाळामा.” विषय संपला. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला भारताचा मोठा नकाशा आणून दिला. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून तो केळीच्या पानात गुंडाळून आणला होता, वर सुतळी. तो नकाशा मी निवृत्त होईपर्यंत वर्गात वापरला, रोज संध्याकाळी गुंडाळून घरी आणायची. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढचं ऐकताना तुमच्या लक्षात असलेलं बरं.

नानांची खेळायची रीत त्यांची स्वतःची होती. ज्या गावाला केळीच्या गाड्या जास्त जातात, ते गाव मोठं. संपलं. आणि गंमत अशी, की दहात आठ वेळा ते बरोबर निघायचे. दिल्ली, लखनौ, लुधियाना, अमृतसर, सगळं त्यांच्या बोटांवर. ही शहरं त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण तिथं किती तोंडं आहेत याचा अंदाज त्यांना होता. चुकायचे ते दक्षिणेकडे. एकदा पंजाब की केरळ असं विचारलं, तर म्हणाले, “केरळमा आपली एक बी गाडी जात नही. मंग तठे माणसं किती ऱ्हातीन?” केरळात घरोघरी केळी पिकतात, ते जळगावची कशाला मागवतील? आम्ही पोट धरून हसलो. नानाही हसले आणि आनंदानं बडगीपुढे जाऊन बसले. त्यांचं हरणंही असं खुशीचं असायचं. मला कधी तसं हरता आलं नाही.

आता त्या वर्षाकडे येते. येतेच आहे. बघा ना, भरीत, नकाशा, केरळ — सगळं सांगून झालं आणि मी अजून तिथं पोचलेली नाही.

त्या हिवाळ्यात मी पुस्तकाची नवी आवृत्ती आणली होती. नव्या जनगणनेचे आकडे. शेतावर जायच्या आधीच मी पान उघडून बघितलं होतं, आणि माझं तोंड पडलं होतं. जळगाव धुळ्याच्या पुढे गेलं होतं. लपवता आलं असतं. मी लपवलं नाही, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवावंसं वाटतं, पण त्याचा आता उपयोग नाही. मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काय तो जल्लोष झाला! नंदावयांनी इतक्या वर्षांचं उट्टं काढलं, पोरांनी ताटल्या वाजवल्या. मीही हसले. आत कुठं तरी खुपलं, पण हसले.

आणि त्या गोंधळात कुणीतरी म्हणालं, आज बाईंनीही खेळायचं, पुस्तक मिटून. समोर कोण? नाना. प्रश्न कुणी घातला आठवत नाही. कानपूर की नागपूर?

मी पटकन म्हणाले, नागपूर. आपली उपराजधानी, संत्री, विधानसभेचं अधिवेशन. विचार करायचा कशाला? नाना म्हणाले, “कानपूर. कानपूरले रोज गाड्या जातस.”

मी पुस्तक उघडलं. बोट फिरवत खाली आले. कानपूर वर होतं. नागपूर त्याच्या खाली, थोडंथोडकं नव्हे, चांगलं खाली.

किती वेळ लागला असेल? चष्मा नाकावर वर सरकवायला लागतो तेवढा. तेवढ्यात मला सगळं दिसलं — पुन्हा वाजणाऱ्या ताटल्या, नंदावयांचे दात, आणि सातवी शिकलेल्या मुकादमाकडून हरलेली भूगोलाची बाई. मी मान वर केली आणि म्हणाले, “नागपूर.” पुस्तक मिटलं. पिशवीत घातलं.

इथंच थांबले असते तरी चाललं असतं का? नसतं. पण मी थांबलेही नाही. बाईंच्या आवाजात, वर्गात वापरते त्याच आवाजात म्हणाले, “नाना, गाड्या मोजून भूगोल येत नसतो.”

सगळे हसले. नाना हसले, पण जरा उशिरा. पुस्तक बघू, असं ते म्हणाले नाहीत. वाचता येत होतं त्यांना, रोज पेपर वाचायचे. पण माझ्यावर शंका घ्यायची, हे त्यांच्या मनातच आलं नाही. ते उठले, बाह्या वर सारल्या आणि वांगी ठेचायला बसले. मी समोर बसून कांद्याची पात चिरत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मी बघत होते. आणि मला बरं वाटत होतं.

पुढं काय झालं? काही नाही, तेच तर. नाना खेळत राहिले, पण गाड्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आधी संध्याकाळी ओट्यावर बसून पोरांना सांगायचे, आज इतक्या गाड्या दिल्लीला, इतक्या कानपूरला, आणि पोरं माझ्या नकाशावर बोट ठेवून ती गावं शोधायची. ते बंद झालं. पोरांनी विचारलं तर म्हणायचे, बाईंना विचारा. खेळात पाळी आली की माझ्या तोंडाकडे बघून अंदाज करायचे. दहात आठ बरोबर येणारा माणूस दहात चारावर आला. मी काय केलं? मी त्यांना वेळोवेळी समजावून सांगितलं, की लोकसंख्या कशी लक्षात ठेवायची.

मी झुरत नव्हते, हेही सांगते. मला झोप चांगली लागते, जेवण दोन्ही वेळचं जातं, शाळेतल्या मुली अजून भेटायला येतात. बऱ्यापैकी सुखात आयुष्य गेलं माझं. नाना तर माझ्याहून सुखी. आता ऐंशीच्या घरात आहेत, दात गेले, पण भरिताला दात लागतात कुठं?

या हिवाळ्यातलं सांगते आणि थांबते. आता पुस्तक लागत नाही. नानांची नात आठवीत आहे, तिच्या फोनमध्ये हाच खेळ आहे. दोन शहरं समोर येतात, मोठं असेल त्यावर बोट ठेवायचं. बरोबर आलं की हिरवं होतं. वांगी भाजेपर्यंत फोन हातोहात फिरत होता. नानांची पाळी आली. नातीनं मोठ्यानं वाचलं, कानपूर की नागपूर.

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली.

नानांनी क्षणभरही विचार केला नाही. नागपूर म्हणाले. कानपूर हिरवं झालं. पोरं ओरडली, आजोबा हरले, आजोबा हरले. नाना शांतपणे म्हणाले, “फोन चुकस. बाई चुकत नही. बाईस्नी पुस्तकमा देखेल शे.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमचे हे, नंदावय, पोरं. नातीनं फोन माझ्यासमोर धरला, “बाईआजी, तुम्ही सांगा.”

याहून चांगली वेळ मिळणार होती का? दुपारचं ऊन, घरची माणसं, हसरी तोंडं. दोन वाक्यांचं काम होतं. नाना रागावले नसते. उलट सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले असते, आणि मग कदाचित नातीला सांगायला बसले असते, की कानपूरला रोज किती गाड्या जायच्या.

मी म्हणाले, “तेव्हा नागपूरच मोठं होतं गं. आकडे बदलतात. आपल्या धुळ्या-जळगावचं नाही का झालं तसं?”

सगळ्यांना पटलं. धुळ्या-जळगावचं सगळ्यांना आठवत होतं, ते मीच तर वाचून दाखवलं होतं. माझ्या त्या एका खऱ्या वाचनावर हे दुसरं खोटं किती छान बसलं. नाना खुशीत मान डोलवत नातीला म्हणाले, “देख.”

नंदावयांनी या वेळी नानांना बडगीपुढे बसू दिलं नाही, वय झालं म्हणून. ठेचलं नानांच्या मुलानं. भरीत वाढायला मात्र नाना स्वतः उठले. पहिला वाढा मानाचा असतो, तो त्यांनी माझ्या ताटात घातला, वर तेलाची धार, बाजूला कळण्याची पुरी. नेहमी घालतात तसाच.

भरीत फार छान झालं होतं. मी पुन्हा मागून घेतलं.