मसाल्यात नसलेलं दगडफूल

चारचौघांत मी बायकोला गावंढळ म्हणालो, तेही एका दगडापायी. चूक झाली हे मला तिथंच कळलं होतं. तरी मी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.

बायकोची बहीण आणि साडू यांच्यासोबत आम्ही दिग्रसहून कोकणात गेलो होतो. बायकोने समुद्र कधी पाहिला नव्हता. पाण्यात उतरायला म्हणून तिने एक जुनी साडी वेगळी बांधून घेतली होती. मी नवा कॅमेरा घेतला होता. किनाऱ्यावर, लाटा पोचत नाहीत तिथं काळे खडक होते आणि त्यांच्यावर केशरी, पोपटी, राखाडी पापुद्रे चढलेले. आमच्या कपाशी-तुरीच्या मुलखात असे दगड मी पाहिले नव्हते. "थांब, ऊन उतरू दे, मग जाऊ पाण्यात," म्हणत मी तिला बसवून ठेवलं.

अखेर हवं तसं ऊन आलं. मी वाकलो, तर समोर तिचा हात. तिने नखाने एक राखाडी पापुद्रा खरवडून नाकाशी नेला होता.

"अजी, हे तं दगडफूल हाय! आपल्या मसाल्यातलं!" ती हसत होती.

"गावंढळ कुठली! मसाल्याचा डबा हाय का हा? सारा फोटो नासवला!"

"भाऊ, एवढा मोठा दगड हाय, दुसऱ्या अंगानं काढा ना," साडू म्हणाले. जवळ उभे असलेले दोघे-तिघे अनोळखी लोक हसले. तिने तो पापुद्रा परत दगडावर ठेवला, चिकटेल म्हणून बोटाने दाबला आणि गाडीत जाऊन बसली. बहिणीने कितीदा बोलावलं, ती पाण्याकडे गेलीच नाही. साडीची घडी न मोडता ती दिग्रसला परतली.

त्या दगडाचा काढलेला फोटो मी मोठा करून बैठकीत लावला. नखाचा ओरखडा आधी कॉम्प्युटरवर पुसून घेतला. पाहुणे वाखाणायचे, ती चहा ठेवून आत जायची.

उन्हाळ्यात तिने वर्षाचा मसाला केला. पहिल्याच भाजीला मी म्हणालो, "काहीतरी कमी हाय यात."

"दगडफूल नाही टाकलं."

"काहून?"

"तुमच्या फोटूत हाय ना. तिथूनच वास घ्या."

तोच मसाला खात राहिलो. एकट्यात माफी मागणं सोपं होतं, पण अपमान एकट्यात केला नव्हता. परवा तिची बहीण आणि साडू जेवायला आले. साडू फोटोकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात मी तो भिंतीवरून उतरवला आणि तिला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली.

"त्या दिवशी यांच्यासमोर तुले गावंढळ म्हटलं, म्हणून यांच्यासमोरच सांगतो. तू समुद्र पाहाले आलती आन् म्या तुले दगडापाशी बसवलं. चूक माही होती. मले माफ कर."