कपडा तोच होता

माझ्या घरधन्यांचे कुणी आभार मानू लागलं की ते उठून जात. कधी डोंग्यात पाणी भरलंय म्हणून, कधी बैल सुटला म्हणून. आमच्याकडे बैल नव्हताच.

आम्ही ढिवर. सावली नावाच्या गावापुढे, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. तळ्यातली आणि नदीतली मासळी, थोडंसं धान, आणि नदीवर दोघा भावांचा डोंगा. एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेली ती नाव होती, आणि तिच्यातून माणसं, शेळ्या, धानाची पोती असं सगळं इकडून तिकडे जायचं. माझं लग्न झालं ते स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाल्यावर. त्याआधी, मोठ्या लढाईच्या काळात, घरधनी पलटणीत होते. ब्रह्मदेशात गेले होते, तिथून परत आले आणि पुन्हा डोंग्यावर उभे राहिले.

गावात त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. त्यांचं जाळं कुणापेक्षा चांगलं पडतं आणि कुणापेक्षा वाईट, एवढंच गाव बघायचं. पण माझे भासरे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, डोंग्यात नवा माणूस बसला की बांबू पाण्यात रोवता रोवता सांगायचेच, "हा माहा भाऊ. बर्माच्या लढाईत होता."

मग ती माणसं मागे वळून बघत. जंगलखात्याचे साहेब, बदलून आलेले गुरुजी, नागपूरकडचे व्यापारी. कुणी हात जोडायचं. कुणी म्हणायचं, "तुमच्यासारखे लोक होते म्हणून आज आपण सुखात आहोत." एकदा मूल गावाच्या बाजाराला जाताना मोटारीच्या ड्रायव्हरनं त्यांना मागच्या गर्दीतून उठवून स्वतःच्या शेजारी बसवलं. मी मागून बघत होते. सगळा रस्ता ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, कुणी रागावल्यासारखे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चिडूनच विचारलं, "लोकं मान देतात, तं तुमचं तोंड उतरते काऊन?"

ते जाळ्याची गाठ सोडवत होते. म्हणाले, "ते कोनाले हात जोडून राह्यले ते मले माईत हाय. तो मानूस मी नाई."

मी पुढे विचारलं नाही, कारण त्या विषयात शिरायला मला स्वतःलाच भीती वाटायची.

माझं माहेर चिमूरकडचं. बेचाळीसच्या श्रावणात मी परकर नेसणारी पोर होते. 'चले जाव'च्या त्या दिवसांत चिमुरात काय काय झालं ते थोरांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पण पलटण आली अशी हाक फिरली तेव्हा माझ्या मावशीनं मला ओढत ज्वारीच्या वावरात नेलं होतं. ज्वारी डोक्याएवढी झालेली. पावसात, चिखलात आम्ही बाया बसून राहिलो. मावशीनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. तो हात इतका घट्ट होता की मला शिपायांपेक्षा त्याचीच आठवण जास्त आहे. पण तेव्हापासून खाकी कापड दिसलं की मी दाराआड व्हायची, मग ते टपालवाल्याच्या अंगावर का असेना.

म्हणून स्थळ आलं तेव्हा माझ्या बापानं पहिल्यांदा नकारच दिला. "पलटनवाल्याले पोरगी देत नाई," म्हणाला. मामानं समजावलं, हा तिकडे परदेशात होता, आपल्याकडे आलेला नाही. लग्न झालं. सासरी पहिल्या दिवशी बघते तर खुंटीला खाकी कोट. मी त्या खुंटीखालून जात नसे, चुलीकडे जायचं तर भिंतीला वळसा घालून जाई. घरधन्यांच्या ते लक्षात आलं असावं. काही दिवसांनी कोट खुंटीवर नव्हता. हिवाळ्यात ते घोंगडी पांघरून डोंगा हाकायला जाऊ लागले.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका महाशिवरात्रीला मी त्यांच्याच डोंग्यातून नदीपलीकडे मार्कंड्याच्या जत्रेला निघाले. डोंगा गच्च भरला होता. त्यात तहसिलीतला एक तरुण कारकून होता, आणि एक म्हातारी बाई, डोईवर पदर, हातात नारळाची पिशवी. भासऱ्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. कारकुनाला इतका आनंद झाला की तो डोंग्यात उभाच राहिला. डोंगा हलला, बाया ओरडल्या. तो मोठ्यानं म्हणाला, "हात जोडा सगळ्यांनी! यांनी देशासाठी रक्त सांडलं आहे!"

बसलेल्या माणसांनी हात जोडले. म्हातारीनं मात्र जोडले नाहीत. तिनं घरधन्यांकडे पाहत विचारलं, "कोनत्या पलटनीत होता गा तू? बेचाळीसात चिमूरले आला होता काय?"

ही बोलण्याची ढब माझ्या माहेरची होती. मी डोंग्याची कड धरली. पळून जायला नदीत जागा नव्हती, त्यांनाही आणि मलाही.

घरधनी म्हणाले, "नाई बाई. मी तवा लय दूर होतो." बांबू एकदा खाली गेला, वर आला. मग म्हणाले, "पन कपडा तोच होता."

कारकून घाईनं म्हणाला, "अहो आजी, हे तिकडे जपान्यांशी लढत होते."

"मी लढलो नाई, साहेब," घरधनी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "नावा चालवल्या, पूल बांधले. बंदूक हातात होती, पन झाडली नाई. आन देशाचं म्हनान, तं मी भरती झालो त्या साली तळं आटलं होतं. घरी खायाले नव्हतं. बाजारात भरतीवाले आले होते, त्यांच्या मागं गेलो."

कारकून हळूच खाली बसला. उतरताना चिखल होता. घरधनी गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेकाला हात देत होते. म्हातारीनं त्यांचा हात घेतला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उतरली आणि जत्रेच्या वाटेला लागली. मी दिवसभर देवळाच्या आवारात फिरले, पण काय पाहिलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वेळी काठावर बरेच डोंगे लागले होते. म्हातारी दुसऱ्या कुठल्याही डोंग्यात बसू शकली असती. ती आमचा डोंगा शोधत आली आणि घरधन्यांच्या समोर बसली. पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग काल बोलणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालल्यासारखी बोलू लागली.

"माहा पोरगा त्या साली धरला. जेलात होता. आता झेंड्याचा दिवस आला का लोक हार घेऊन येते. अन् हा जाऊन गोठ्यात बसते. मी म्हटलं, घे ना रे बाबू, लोकं प्रेमानं देतात. तं म्हनते कसा, 'माय, मी काई केलं नाई. सारे पळाले तसा मीही पळून राह्यलो होतो. माहा पाय मुरगळला, म्हनून धरला गेलो.'"

घरधनी हसले. लग्नानंतर त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी विचारलं, "कुठी राह्यते तुमचा पोरगा?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. माझ्या माहेराहून ते चालत जाण्यासारखं होतं.

होळी झाल्यावर आम्ही माहेरी गेलो. इतर वेळी माहेरी जायचं म्हटलं की काही ना काही निघायचं त्यांचं. या वेळी त्यांनीच आठवण केली. मी सुके झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, बांधून घेतले होते. तिथून एका सकाळी आम्ही म्हातारीच्या गावी गेलो. तिचा मुलगा अंगणात बसून जू ताशीत होता. काटकुळा माणूस, मधूनमधून खोकत होता. म्हातारी म्हणाली, "हा तो डोंगेवाला."

त्यानं वर पाहिलं. "हार तं नाई आनला?"

"झिंगे आनले," घरधनी म्हणाले.

"मंग बसा."

म्हातारीनं चूल पेटवली, मी तिच्या मदतीला आत बसले. दाराशीच चूल होती, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आधी बराच वेळ दोघं भाताबद्दल बोलले. जेलातल्या भातात खडे होते, पलटणीतल्या भातात किडे. जेलात ढेकूण, ब्रह्मदेशात जळवा. कुणाचं जास्त वाईट यावर त्यांची हुज्जतच लागली. मग मुलानं विचारलं, "तुमी नावा चालवत होता म्हने?"

घरधन्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, आता उठतील.

"पहिल्यानं फोडल्या," ते म्हणाले. "आमाले मागं हटाचं होतं. दुश्मनाले नाव भेटली नाई पायजे, असा हुकूम होता. काठावर तिकडच्या ढिवराइच्या नावा होत्या. साऱ्या फोडा म्हटलं. मी ढिवर हाव, नाव कुठी फुटते ते मले माईत. माह्याच हाती कुऱ्हाड दिली."

मुलगा जू ताशायचा थांबला.

"एक म्हातारा काठावर बसून होता. ओरडला नाई, रडला नाई. नुसता पाहून राह्यला होता. मी नाव फोडली ती त्याची का कोनाची, ते बी माईत नाई. आता कोनी मले हात जोडले का मले तो म्हातारा दिसते. जोडनाऱ्याच्या मागं बसून राह्यते."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. लग्नापासून मी या माणसाच्या घरात होते, त्याच्या कोटाला भीत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा काय बोलेल याची मी वाट पाहू लागले. जाऊ द्या, हुकूमच होता, असं काही तो म्हणेल असं वाटलं. तो तसं म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "कशा होत्या त्या नावा?"

मग घरधनी सांगू लागले. लांब होत्या, आपल्यापेक्षा पातळ कोरलेल्या, सागाच्या. पुढचं टोक वर उचललेलं. तळाला कुठेही गाठ नाही. त्यांनी हातांनी हवेत त्या नावेचा आकार काढून दाखवला, दोनदा दाखवला. "लय सुंदर होत्या," म्हणाले, आणि डोळे पुसले.

जेवण वाढायला मी बाहेर आले. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. हा माणूस माझ्या गावाजवळचा. मी ज्वारीत बसले होते तेव्हा त्याला मारत नेत होते. त्याला काहीतरी सांगायलाच हवं, असं आतून ढकलल्यासारखं वाटत होतं. आमच्यात कुठे असे आभार मानायची रीत! शब्दच नव्हते. तरी मी बोलायला लागले.

"भाऊ, मी इथलीच. तवा आमी वावरात लपून होतो. तुमच्यासारख्या लोकांनी आमच्यासाठी..."

पुढचं मला जमेना. त्याची मान खाली गेली, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला घरधन्यांचे गुडघ्यांवरचे हात आठवले आणि आपण उगीच बोललो असं वाटलं. पण तो म्हणाला, "तुमी लहान असान तवा."

"हो."

"कोनाच्या हाती तं नाई ना लागल्या?"

"नाई."

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "लय बरं झालं." आणि भात कालवू लागला.

तेरा-चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चुलीत फुंकर घातली, म्हणजे माझ्या डोळ्यांत धूर गेला असं म्हणता यावं.

त्यानंतर कुणी हात जोडले तर घरधनी उठून जात नसत. "बसा" म्हणत आणि समोरच्याला त्याचं गाव, घरची माणसं विचारत. कधी कधी एखाद्याला ते नावा फोडल्याचंही सांगत. तो बिचारा मग गोंधळून नदीकडे बघत बसे.

चिमूरकडचा तो मुलगा आमच्याकडे येऊ लागला. खोकला वाढत होता, पण मोटारीनं यायचा. एका वर्षी तर सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशीच आला. आपल्या गावातले लोक हार घेऊन यायच्या आत निघालोय म्हणाला. सकाळी झेंड्याला दोघं शाळेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, आणि वंदन झालं तसे जाळं घेऊन तळ्यावर गेले.

थोड्या वेळानं शाळेचे नवे गुरुजी घरी आले. वर्ध्याकडचा कोवळा माणूस. हातात झेंडूचे दोन हार. त्यांना कुणीतरी दोघांबद्दल सांगितलं होतं. मी त्यांना पाणी दिलं. ते दोघं तळ्यावर आहेत आणि हार बघितला तर तिकडूनच निघून जातील, हे खरं ते सांगून टाकलं.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. "मग आम्ही काय करायचं, बाई?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

मी म्हटलं, "उन्ह उतरल्यावर या. मासे खाऊन जा."

ते आले. हार आणले नव्हते. पानावर बसून चवीनं जेवले, आणि सगळा वेळ बोलणं झालं ते मासळीच्या काट्यांचं, यंदाच्या धानाचं आणि त्यांच्या गावाकडच्या विहिरींचं. जायला निघाले तेव्हा दारात थांबून त्यांनी दोघांना नमस्कार केला. दोघांचे हात मासळीनं माखलेले होते. ते दोघंही उठून उभे राहिले आणि तसेच हात जोडून त्यांनी गुरुजींना नमस्कार केला.