दादाची फुल इन्शुरन्सवाली गाडी

विमा एजंटची परीक्षा अकोल्याला होती आणि मोठा भाऊ अमरावतीहून मला त्याच्या गाडीनं नेत होता. माझ्या मांडीवर पुस्तक, तोंडाचा पट्टा दादावर. गाडी त्यानं गल्लीतल्या गुरुजींकडून घेतली, आरसी बुक स्वतःच्या नावावर केलं, पण पॉलिसी गुरुजींच्याच नावानं ठेवली. का, तर कधीच क्लेम न केल्याची गुरुजींची सवलत बुडू नये म्हणून! आमच्याकडे याला डोकं लावणं म्हणतात. लोक कौतुकानं विचारायला येत, कसं जमवलं म्हणून.

"दादा, सवलत मानसाची रायते, गाडीची नाई. गाडी घेतली का चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करा लागते. नाई तं आपल्या गाडीचं नुकसान कंपनी भरत नाई. बाबाले डायलिसिसले याच गाडीनं नेतो ना आपन?"

"तू आंदी पास तं होय," दादा म्हणाला. "फुल इन्शुरन्स हाये गाडीचा."

फुल! हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. कागदावर नाव कोणाचं, हे पाहायचं नाही, नुसतं फुल. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मूर्तिजापूरच्या अलीकडे तुरीच्या शेतातून एक रोही, नीलगाईचा दांडगा नर, थेट गाडीपुढं आला. आम्हाला खरचटलंही नाही, रोहीही लंगडत शेतात पळाला, पण गाडीचं तोंड पार आत गेलं. दादा खाली उतरला, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे, क्लेम करू." त्याच्या त्या शांतपणाचा मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मला एसटीत बसवून तो तिथंच थांबला.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, गाडीचा मालक बदलल्यावरचा. दात-ओठ खात उत्तर दिलं. निकाल तिथंच संगणकावर लागला, पास झाले. बाहेर येते तर दादाचा फोन.

"कंपनीवाला विचारून रायला, गाडी तुमची अन् पॉलिसी दुसऱ्याची कशी? काय सांगू?"

"खरं हाये ते सांग."

"मंग भेटन ना क्लेम?"

"नाई भेटत, दादा."

दादा ट्रकांच्या आवाजावर ओरडला,

"मंग तू एजंट कायले होऊन रायली वं?"