इंजिन दाखवणारे हेडमास्तर

आमच्या शाळेचे हेडमास्तर बोलताना दर वाक्याला टोपी दाबत आणि विचारत, "समजलं?" उत्तरासाठी मात्र थांबत नसत. बाग असो की कवायत, त्यांचं भाषण झाल्याशिवाय पोरांना कशाला हात लावता येत नसे.

पोरांना शाळेबाहेरचं जग दाखवा, असा निझामाच्या तालीम खात्याचा, म्हणजे शिक्षण खात्याचा हुकूम आला. म्हणून तीन बैलगाड्यांतून आम्ही मास्तरांनी पोरांना पूर्णेच्या स्टेशनावर आगगाडीचं इंजिन दाखवायला नेलं. भाकरी, पाणी, पोरांची नावं, सगळ्याची यादी माझ्याकडे होती. पोरांपैकी एकानेही आगगाडी पाहिलेली नव्हती. आठ दिवस शाळेत दुसरं बोलणं नव्हतं.

इंजिन येऊन पाणी भरायला थांबलं. लगेच हेडमास्तर ओरडले, "पीछे मुड!" सगळ्या पोरांची पाठ इंजिनाकडे झाली. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाफेची शक्ती समजवायला सुरुवात केली. कुणी मान वळवली की छडी बसे.

मी हळूच म्हणालो, "साहेब, घटकाभर बघू द्या की."

"बघत बसले तर ऐकतील कधी? समजलं?"

कागद संपायच्या आत इंजिन शिटी मारून निघून गेलं. हेडमास्तरांनी पहिलीतल्या एका पोरीला विचारलं, "सांग, इंजिन कसं असतं?"

"लय गरम असतंय, गुरुजी. माजी पाठ भाजली."

"शाबास!" हेडमास्तर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "अहवालात लिहा, मुलांचं निरीक्षण उत्तम."

मी लिहिलं.