गुढियारीतलं अखंड दर्शन

निरंजन वानखडे सकाळी उठला की देवाआधी सर्व्हरच्या आलेखाला हात जोडतो, असं त्याची बायको मंजिरी म्हणते. त्याचे वडील रेल्वेत, गुढियारीच्या मालधक्क्यावर होते. कुठला डबा कुठं अडला, हे त्यांना घरबसल्या समजे. पोराचंही तसंच, फक्त डब्यांच्या जागी डेटा.

पोटापाण्याला सदर बाजारातल्या एका पेढीचे कॉम्प्युटर, आणि भाद्रपदात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं थेट दर्शन, तेही फुकटात, त्याच्याच गळ्यात. त्यासाठी भाड्यानं घेतलेला सर्व्हर, व्हीपीएस म्हणतात तो. त्याला महिन्याची बँडविड्थ ठरलेली, टाकीत पाणी भरून ठेवावं तशी. टाकी संपली की नळ बंद. मग पुण्याला गेलेली पोरं असोत की पाऱ्यातली, म्हणजे इथल्या मोहल्ल्यातली, म्हातारी माणसं, कोणालाच बाप्पा दिसायचा नाही.

यंदा विसर्जन अजून लांब होतं आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेलेली.

कोण किती ओढतंय ते त्यानं पाहिलं. बाकी घरं आरतीपुरती येत-जात होती. एक घर मात्र स्थापनेपासून हललंच नव्हतं. दिवसरात्र चालू, आणि तेही सगळ्यात स्वच्छ चित्र.

"चोर आहे कोणी," तो मंजिरीला म्हणाला. "आपलं दर्शन उचलून स्वतःच्या चॅनलवर दाखवून राहिला."

तोडायला बोट पुढं झालं, तेवढ्यात नाव दिसलं. शांताबाई ढोमणे. दोन गल्ल्या पलीकडे. जन्मभर मंडळाच्या दुर्वा निवडणाऱ्या शांताबाई खुब्याचं हाड मोडून पलंगाला लागल्या होत्या. त्यांच्या टीव्हीवर हे दर्शन त्यानंच लावून दिलं होतं.

तो गेला. "काकू, झोपताना टीव्ही बंद करत जा ना."

"बाप्पा बसला आहे, न् मी खटकन बंद करू? घरी पाहुणा आला तर बत्ती बुजवतं का रे तू, पोट्ट्या?"

"भैया, रिमोट तकिए के नीचे रखती हैं," सून श्रावणी आतून म्हणाली.

निरंजननं टाकीचं गाऱ्हाणं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "आरती सोडून नुसता फोटो ठेवून देतो. मूर्ती कुठं हालते?"

"मूर्ती नाही हालत रे. माणसं हालते ना." शांताबाई टीव्हीकडे पाहत राहिल्या. "कोण आलं, कोण नाही आलं, माझ्या जागी ती प्रमोदिनी दुर्वा कशा वाहून राहिली... मले आता तेवढंच मंडळ उरलं."

आलेखात त्याला नुसती ओढ दिसली होती. कशाची, ते दिसलं नव्हतं.

"चित्र धुरकट केलं तर चालन? चेहरे नाही दिसणार."

"हव, कर. चेहरे कोण पाहते? चालीवरून ओळखते मी."

घरी येऊन त्यानं आरतीखेरीज सगळ्यांच्याच चित्राचा दर्जा उतरवला. पुण्याहून कुरकुर आली, 'भैया, पिक्चर फट रहा है.' पण आलेखाची ताठ उभी रेघ खाली बसली. विसर्जनापर्यंत कसंबसं पुरणार होतं.

दुसऱ्या दुपारी तो मंडपात कॅमेऱ्याची वायर बांधायला गेला. मंडपात चिटपाखरू नव्हतं. फोन वाजला.

"निरंजन, उजव्या पायाले काय झालं रे? काहून लंगडून राहिला?"

सकाळी स्टुलावरून पडल्याचं त्यानं मंजिरीलाही सांगितलं नव्हतं.