चक्कीवरचा मिसर

सिंधीपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे, तिथल्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही. भुवयांपर्यंत पिठानं पांढरे, आणि बोलायला लागले की हातात येईल ते उचलतात. मी तर पोराला कडेवर घेऊन पळतपळतच जाते, आणि घरी सासूबाई डबा हातात घेऊनच सांगतात पीठ किती कमी आलं.

त्या दिवशी काकांनी माझा गव्हाचा डबा आणि बाजूच्या वहिनींचा डबा पुढे ओढला.

"देख बेटी, हा तुझा डबा भारत. हा वहिनीचा मिसर, म्हणजे इजिप्त. माझ्या लहानपणी भारत खाली, रिकामा होता, अमेरिकेचा लाल गहू जहाजानं यायचा. रबरासारखी पोळी, आई रडत लाटायची. आणि मिसर जुन्या जमान्यात दुनियेला खिलवायचा. आता आपलं घरचं पुरतं, आणि त्याला असा बाहेरून भरावा लागतो."

असं म्हणत त्यांनी माझ्या डब्यातले दोन मोठे वाडगे गहू वहिनींच्या डब्यात ओतले. मोठ्या माणसाला टोकायचं कसं? वहिनी पदरात हसत होत्या.

"डबा कुणाचाच कायम भरलेला नसतो, बेटी," काका म्हणाले आणि पट्टा चालू केला.

घरी सासूबाईंनी डबा उचलला. "पीठ कमी का गं?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं, जहाज, अमेरिका, मिसर.

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्याला सांग, आमचा डबा मिसर."